पेन्शन उशिरा मिळाली? मग व्याज लेखी मागा (कोल्हापूर आणि आसपासच्या निवृत्तांसाठी)

सेवापुस्तक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

निवृत्त होऊन वर्ष उलटलं तरी ग्रॅच्युइटी हातात नाही, अंशराशीकरणाची (पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी घ्यायची) रक्कम नाही, पेन्शन सुरू झाली तर तात्पुरती, अशी माणसं मला शिवाजी पेठेपासून गारगोटीपर्यंत भेटतात. सगळ्यांचं उत्तर एकच: "साहेबांना भेटून आलोय, होतंय म्हणाले." लेखी काय दिलं म्हणून विचारलं की गप्प.

माझी नोकरी आस्थापना शाखेत गेली. दुसऱ्यांची पेन्शन प्रकरणं मीच बांधायचो, त्यामुळं फाईल कुठं आणि का थांबते हे आतून बघितलंय. तोंडी चौकशीला फाईलमध्ये जागा नसते. तुम्ही दहा वेळा जाऊन आलात तरी टिप्पणीवर त्याची एक ओळ उमटत नाही. उद्या उशीर कुणामुळं झाला हा प्रश्न निघाला की कार्यालय म्हणणार, "संबंधितांनी कागदपत्रांची पूर्तता केली नव्हती." आणि तुमच्याकडं ते खोडून काढायला कागद नाही.

आता नियम. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी कार्यालयानं कागद करायला घ्यायचे, आणि सहा महिने आधी प्रकरण महालेखापालांकडं पोचायला हवं. कोल्हापूरकरांसाठी ते कार्यालय मुंबईला. तिथून पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, निघतो, कोषागारात येतो, पुढं बँक. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. ठाऊक नसतात ते दोन नियम: १२९-अ आणि १२९-ब.

१२९-अ ग्रॅच्युइटीचा. निवृत्तीपासून तीन महिन्यांत ती मिळाली नाही आणि उशीर प्रशासनाच्या चुकीनं झाला असेल, तर तीन महिन्यांपुढच्या काळासाठी भविष्य निर्वाह निधीच्या दरानं व्याज. १२९-ब पेन्शनचा, तिथं मुदत सहा महिने. समजा ग्रॅच्युइटी १२ लाख आणि ती १४ महिन्यांनी मिळाली. पहिले तीन महिने सोडले तर ११ महिने उरतात. ७.१ टक्क्यांनी सरळ व्याज होतं ७८,१०० रुपये. ही रक्कम सोडून देणारे मी ढिगानं बघितलेत. "मिळाली हेच नशीब" म्हणायचं आणि अंबाबाईला ओटी भरून मोकळं व्हायचं. ओटी जरूर भरा, पण अर्जही टाका.

व्याज आपोआप मिळत नाही. मागावं लागतं. आणि मागताना दोन गोष्टी दिसाव्या लागतात: उशीर झाला, आणि तो तुमच्यामुळं झाला नाही. तुमच्यामुळं झाला असेल, म्हणजे फॉर्म वेळेत भरला नाही, फोटो दिले नाहीत, तर नियमच व्याज नाकारतो. म्हणून तारखा लिहून ठेवा. फॉर्म कधी दिला, त्रुटी कधी कळवली, पूर्तता कधी केली.

कुणाचा काय अनुभव आहे, लिहा. कार्यालयाचं आणि साहेबांचं नाव मात्र नको, धागा भलतीकडं जातो.

---

गडहिंग्लजकर_गुरुजी

धागा छान काढलात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो. माझी पेन्शन सुरू व्हायला फार उशीर झाला नाही, आमचे त्या वेळचे केंद्रप्रमुख कामाचे होते. पण आमच्यासारख्यांचं दुखणं दर महिन्याचं असतं. पेन्शन कधी दहा तारखेला, कधी वीसला, सणाच्या तोंडावर तर हमखास पुढं. विचारलं की उत्तर ठरलेलं: "अनुदान आलं नाही." औषधाच्या दुकानदाराला हे उत्तर चालत नाही हो. पैसे नाहीत म्हटल्यावर कायदा तरी काय करणार?

---

सेवापुस्तक

गुरुजी, कायदा करतो. कोरोनाच्या काळात आंध्र प्रदेश सरकारनं पगार आणि पेन्शनचा काही भाग मागं ठेवला होता. कारण हेच, तिजोरीत पैसा नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल लागला. रोखलेली रक्कम द्या, आणि व्याजासह द्या. उच्च न्यायालयानं १२ टक्के धरलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयात ६ टक्क्यांवर आलं. सरकारनं हेतू वाईट नव्हता म्हणून व्याज माफ करा असं सांगून बघितलं, ते चाललं नाही. साथीच्या काळात ज्या सबबीवर व्याज माफ झालं नाही, ती एरवीच्या महिन्याला काय चालणार?

---

तांबडा_पांढरा

काका, हे सगळं वाचायला ब्येस हाय. पण खरं सांगू? आमच्या मामांनी असाच कडक अर्ज टाकला. पुढं फाईलला एकामागं एक त्रुटी लागत गेल्या. सेवापुस्तकात १९९४ सालच्या एका रजेची नोंद नाही म्हणून परत. ती आणली तर वेतननिश्चितीवर सही नाही म्हणून परत. शेजारच्या टेबलावरल्या माणसानं मात्र पेढ्याचा बॉक्स नि काय काय दिलं, त्याची ऑर्डर आली पण. कायदा पुस्तकात असतोय. कोल्हापुरात काम वळखीनं होतंय.

---

टेबल_नंबर_चार

मी अजून नोकरीत आहे, पेन्शनचंच टेबल आहे, म्हणून इथं खरं नाव लिहीत नाही.

तांबडा_पांढरा, तुमच्या मामांना त्रास झाला हे खरं असणार. पैसे खाणारे आहेत, मी नाकारत नाही. पण प्रत्येक त्रुटी ही सूड नसते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याचं सेवापुस्तक वेतन पडताळणीला पुण्याच्या पथकाकडं जातं. तिथं पाचवा, सहावा, सातवा असे तिन्ही वेतन आयोग एकेका वेतनवाढीपासून तपासतात. पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत केलेली वेतननिश्चिती तिथं सापडते आणि पुस्तक आक्षेप लागून परत येतं. आक्षेप जुना, नोंद करणारा केव्हाच निवृत्त, त्याचं जुनं कार्यालय दुसऱ्या तालुक्यात, आणि दुरुस्ती करायची मी. माझ्याकडं आवक-जावक पण आहे आणि एका रिक्त पदाचा अतिरिक्त कार्यभार पण. कारण म्हणून सांगत नाही, वस्तुस्थिती सांगतोय.

म्हणून नोकरीत असलेल्यांना माझं एक सांगणं. निवृत्तीच्या वर्षात सेवापुस्तक बघू नका, पाच वर्षं आधी बघा. दरवर्षी बघायचा आणि सही करायचा तुमचा हक्क आहे, दुय्यम प्रत मागायचाही आहे. खंडित सेवा, असाधारण रजा, बदलीतला पदग्रहण अवधी, नावातला बदल, जात वैधता, भविष्य निर्वाह निधीच्या गहाळ वर्गण्या, यातलं काहीही राहिलं असेल तर तुमचा साहेब तिथंच असेपर्यंत करून घ्या. निवृत्तीच्या निरोप समारंभात फेटा बांधून आमच्याकडं येणारे पुष्कळ. "माझं सगळं क्लिअर आहे ना?" असं त्या दिवशी विचारतात. काय सांगायचं?

आणि धागाकर्त्यांनी लिहिलंय ते बरोबर आहे. व्याजाचा लेखी अर्ज आला की आमच्याकडं धावपळ होते. कारण व्याज द्यायचं ठरलं की प्रशासकीय विभागाला जबाबदारी निश्चित करावी लागते, आणि ती शेवटी टेबलावरच येते. त्यामुळं असा अर्ज आलेली फाईल वरचे अधिकारी स्वतः मागवून बघतात. अडकते कमी, हलते जास्त. निदान आमच्याकडं तरी.

---

बावड्याचा_वकील

निवृत्तिवेतनाची काही प्रकरणं केली आहेत म्हणून थोडं. लोक चुकीच्या दारात जातात आणि तिथं दोन वर्षं घालवतात, सगळ्यात जास्त नुकसान त्यात होतं.

तुम्ही कुणाचे कर्मचारी होता हे आधी बघा. महसूल, पोलीस, आरोग्य, पाटबंधारे अशा राज्य शासनाच्या खात्यात होता तर आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. मॅटची खंडपीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. आपल्याला मुंबई. थेट उच्च न्यायालयात गेलात तर बहुधा "आधी मॅटला जा" म्हणून परत पाठवतील. जिल्हा परिषद, महानगरपालिका, नगरपालिका, अनुदानित खाजगी शाळा यांचे कर्मचारी मॅटच्या कक्षेत येत नाहीत. त्यांनी रिट याचिका करायची, उच्च न्यायालयात.

आणि इथं आपल्याकडं मोठा फरक पडलाय. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथं. म्हणजे चंदगडच्या निवृत्त शिक्षिकेला आता पेन्शनच्या रिटसाठी महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट काढायला नको, सीपीआर रुग्णालयाच्या समोर उतरलं की झालं. गंमत बघा, याच चंदगडच्या निवृत्त तलाठ्याला मात्र मॅटसाठी मुंबईच गाठावी लागणार. मॅटचंही एक बेंच इथं हवं, ही मागणी आता कुणीतरी लावून धरायला पाहिजे. बेंचसाठी आपण किती वर्षं भांडलो ते आठवा.

मुदत विसरू नका. मॅटला एक वर्षाची मुदत आहे. तुम्ही निवेदन दिलं आणि सहा महिने उत्तर आलं नाही, तर त्या सहा महिन्यांनंतर एक वर्ष मोजतात. निवेदनाची पोच महत्त्वाची ती यासाठी. रिटला तशी ठरलेली मुदत नाही, पण फार उशिरा गेलात तर थकबाकी साधारणपणे याचिकेआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. सर्वोच्च न्यायालयानं तरसेम सिंग प्रकरणात २००८ मध्ये ते सांगितलं.

---

तांबडा_पांढरा

वकीलसाहेब, हे ठीक. पण कोर्टात गेल्यावर त्यांनी चौकशी लावली तर? आमच्यातल्या एकाला निवृत्तीच्या आदल्या महिन्यात दोषारोपपत्र दिलं. पेन्शन बंद म्हणाले.

---

बावड्याचा_वकील

बंद करता येत नाही. चौकशी प्रलंबित असेल तर नियम १३० लागतो: तात्पुरतं निवृत्तिवेतन द्यायचं, ग्रॅच्युइटी मात्र चौकशी संपेपर्यंत राखून ठेवता येते. निवृत्तीनंतर नवी चौकशी काढायची तर नियम २७: शासनाची मंजुरी पाहिजे आणि घटना चार वर्षांपेक्षा जुनी नको. कुणाच्या मनात आलं म्हणून पेन्शन थांबवता येत नाही. झारखंड सरकारविरुद्ध जितेंद्र कुमार श्रीवास्तव प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरळ म्हटलं की पेन्शन ही घटनेच्या ३००-अ कलमाखालची मालमत्ता आहे आणि नियमात तरतूद नसताना नुसत्या प्रशासकीय आदेशानं ती रोखता येत नाही.

तुमच्या ओळखीच्यांना विचारा, तात्पुरती पेन्शन चालू आहे का? नसेल तर चौकशीचा निकाल काय लागायचा तो लागू दे, त्यांचं हे वेगळं प्रकरण आजच उभं राहतं.

---

पंचगंगा_पार

१७ डिसेंबर पेन्शनर दिन म्हणून पाळतात ना, तो याच संदर्भात? आमच्या संघटनेत दरवर्षी नारळ फोडून चहा-भडंग होतं, पण कशाचा दिवस ते कुणी सांगत नाही.

---

सेवापुस्तक

१७ डिसेंबर १९८२, सर्वोच्च न्यायालयाचा नाकारा निकाल. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचं घटनापीठ, निकालपत्र न्या. डी. ए. देसाईंचं. ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना सुधारित पेन्शनमधून वगळलं होतं, तो भेद रद्द झाला. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा मोबदला आहे, हे त्यात ठासून आलं. १९७१ च्या देवकीनंदन प्रसाद निकालात ते आधीच म्हटलं होतं. पण आपल्या कामाचा खरा निकाल १९८४ चा आहे, केरळ सरकारविरुद्ध पद्मनाभन नायर. दप्तरदिरंगाईनं उशीर झाला तर व्याजाचा भुर्दंड सरकारनं सोसायचा, आणि तोही बाजारभावानं. नारळ फोडताना पुढच्या वर्षी हा एक परिच्छेद वाचून दाखवा, भडंग गोड लागेल.

---

पुण्यातली_लेक

मी मूळची राजारामपुरीची, आता पुण्यात. वडील शासकीय सेवेतून निवृत्त होते, गेल्या पावसाळ्यात गेले. आईचं कुटुंब निवृत्तिवेतन अजून सुरू नाही. अडचण अशी की वडिलांच्या सेवापुस्तकात आणि पीपीओत आईचं माहेरचं नाव लागलंय, आधारवर सासरचं. दर वेळी "राजपत्रात नाव बदलून आणा" म्हणतात. आई पंच्याहत्तरीची आहे. तिला एकटीला तिथं खिडकीपुढं उभं केलं की माझंच मन खातं, रजा तरी किती काढू?

---

टेबल_नंबर_चार

ताई, तुमच्या आईंनी नाव बदललेलं नाही, लग्नानंतर वेगळं नाव लागलंय एवढंच. राजपत्राचा आग्रह प्रत्येक वेळी धरायची गरज नसते. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणी असेल तर तिची प्रत, नसेल तर जुनं रेशन कार्ड आणि वडिलांसोबतचं संयुक्त बँक पासबुक, एवढं जोडून ज्या कार्यालयातून वडील निवृत्त झाले तिथल्या प्रमुखांकडं अर्ज करा. पीपीओवरचं नाव दुरुस्त करायचं पत्र त्या कार्यालयानं महालेखापालांना पाठवायचं असतं. कोषागार स्वतः पीपीओ बदलू शकत नाही, म्हणून तिथं भांडून उपयोग नाही. चुकीच्या खिडकीसमोर माणूस उभा असतो आणि खिडकीतला माणूस योग्य खिडकी सांगत नाही, हे आमच्यातलंच दुखणं.

राजपत्रच हवं म्हणाले तर, "कोणत्या नियमानुसार, ते लेखी कळवा" एवढंच म्हणा. रागानं नको, शांतपणे. बरेचदा तिथंच विषय मिटतो.

---

पुण्यातली_लेक

खिडकीच चुकली होती हे आज कळलं. मनापासून धन्यवाद दादा.

---

गडहिंग्लजकर_गुरुजी

अजून एक. आमच्या एका बाईंना निवृत्तीच्या वेळी सांगितलं की चटोपाध्याय (शिक्षकांची वरिष्ठ) वेतनश्रेणी चुकीच्या तारखेपासून दिली गेली, आता साडेतीन लाख ग्रॅच्युइटीतून वळते करणार. बाईंनी ना काही लपवलं ना मागितलं. हे बरोबर आहे का?

---

बावड्याचा_वकील

रफीक मसीह निकाल, १८ डिसेंबर २०१४. वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, तसंच पाच वर्षांपेक्षा जुन्या जादा रकमेची वसुली करता येत नाही, असे प्रकार सर्वोच्च न्यायालयानं घालून दिलेत. बाई शिक्षिका, वर्ग तीन. भक्कम बाजू आहे.

पण एक फट आहे. २०१६ च्या जगदेव सिंग निकालात म्हटलंय की जादा रक्कम मिळाल्यास परत करीन असं हमीपत्र वेतननिश्चितीच्या वेळी दिलं असेल, तर वसुली होऊ शकते. तो माणूस न्यायाधीश होता, वर्ग तीनचा नव्हता, असा युक्तिवाद करता येतो आणि आम्ही करतो. तरीही बाईंना विचारा, वेतन आयोगाच्या वेळी कसल्या छापील कागदावर सही केली होती? बहुतेक सगळ्यांनी केलेली असते, न वाचता.

वसुली आधीच झाली असेल तर गप्प बसायचं नाही, ती परत मागता येते. मात्र "संमती आहे" असं आता काही लिहून देऊ नका म्हणावं.

---

तांबडा_पांढरा

बरं काका, पटलं थोडं थोडं. मामांसाठी अर्ज लिहायचा तर त्यात घालायचं काय? मला ते "विनंती विशेष" सोडून काय येत नाही.

---

सेवापुस्तक

"कृपा व्हावी, मी गरीब" हे काढून टाका. अर्ज एका पानाचा, तारखांचा. मामांसाठी असा लिहा (उपदान म्हणजे ग्रॅच्युइटीच):

*विषय: नियम १२९-अ व १२९-ब अन्वये विलंबित उपदान व निवृत्तिवेतनावरील व्याज मंजूर करणेबाबत.*

*मी आपल्या कार्यालयातून दि. … रोजी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झालो. निवृत्तिवेतनाचे विहित नमुने मी दि. … रोजी सादर केले (पोच जोडली आहे). दि. … च्या पत्रान्वये कळवलेल्या त्रुटींची पूर्तता मी दि. … रोजी केली. त्यानंतर माझ्याकडून कोणतीही पूर्तता प्रलंबित नाही. असल्यास ती सात दिवसांत लेखी कळवावी. उपदानाची रक्कम अद्याप मिळालेली नाही / दि. … रोजी मिळाली. विलंब प्रशासकीय कारणाने झाला असल्याने तीन महिन्यांपुढील कालावधीचे व्याज मंजूर करून जबाबदारी निश्चित करावी.*

"असल्यास ती सात दिवसांत लेखी कळवावी" ही ओळ गाळू नका. एकेक त्रुटी काढत बसायची सवय तिथं मोडते. सगळ्या त्रुटी एकदम कळवाव्या लागतात, नाहीतर नंतरची त्रुटी त्यांनाच महागात पडते.

प्रत जिल्हा कार्यालयाला. महिन्याभरात हालचाल नसेल तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात फाईलच्या टिप्पणीची प्रत मागा: कुठल्या टेबलावर कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. तीस दिवसांत द्यावी लागते. पुढं मॅटला किंवा बेंचला जायची वेळ आली तर वकीलसाहेबांना तेच पान लागणार.

---

तांबडा_पांढरा

आवक शिक्का मारून देत न्हाईत तिथं. "ठेवून जा" म्हणतात.

---

टेबल_नंबर_चार

मग ठेवून जाऊ नका. पोस्टात जा, पोच पावतीसह स्पीड पोस्ट करा. आणि पाकिटावर साहेबांचं नाव नको, पदनाम टाका. नावानं आलेलं पाकीट साहेबांची बदली झाली की पाठोपाठ जातं, पदनामानं आलेलं आवक नोंदवहीत चढतंच.

---

गडहिंग्लजकर_गुरुजी

तांबडा_पांढरा, मामांच्या अर्जाचा मसुदा झाला की इथं टाका, तारखा आणि नाव झाकून. आमच्या तालुका संघटनेच्या बैठकीत तोच वाटतो. अशी अडकलेली बरीच प्रकरणं आहेत आमच्याकडं, आणि प्रत्येकाला "विनंती विशेष"च लिहिता येतं.

---

तांबडा_पांढरा

टाकतो गुरुजी. मामा आज शिंगणापूरला पाव्हण्याकडं गेल्यात. जुनी पत्रं त्यांच्या ट्रंकेत हायत, आले की तारखा काढतो.